पाणी कुणाचं, खर्च कुणाचा? – आपल्या इमारतीच्या गळतीचा इतिहास



स्मरणिका समितीच्या मंडळींनी मला सांगितलं, "काका, तुम्ही पहिल्या दिवसापासून आहात, सोसायटीचा इतिहास तुम्हीच लिहा." मी हो म्हटलं आणि जुनी इतिवृत्तं, हिशेबाच्या वह्या, पत्रव्यवहाराच्या फायली घेऊन आठ-दहा दिवस बसलो. गणपती, कोजागिरी, झाडं लावली ते वर्ष, पहिलं सार्वजनिक हळदीकुंकू, हे सगळं त्यात सापडलं. त्यावर इतर मंडळी लिहिणार आहेतच. पण वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. पंचवीस वर्षांत अशी एकही वार्षिक सभा सापडली नाही जिच्यात पाण्याचा विषय निघाला नाही. पाणी येत नाही, हा एक विषय. पाणी नको तिथे येतं, हा दुसरा. पहिल्या विषयावर आपण सगळे एका आवाजात बोलतो. दुसरा निघाला की वरचे आणि खालचे असे दोन पक्ष पडतात.

म्हणून मी इतिहास लिहायचं ठरवलं तो या दुसऱ्या विषयाचा. त्यात माझाही हात आहे आणि तो फारसा अभिमानास्पद नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

चाळीतला मालक

माझं लहानपण गिरगावातल्या एका चाळीत गेलं. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर होतो, वर कौलं. पावसाळ्यात घरात कुठे पातेलं ठेवायचं आणि कुठे बादली, हे आईला पाठ होतं. रात्री भांड्यांत थेंब पडल्याचा आवाज येई. भाऊ म्हणायचा, जलतरंग सुरू झाला. वडील दरवर्षी जूनमध्ये मालकाच्या मेहताजीकडे जायचे आणि मेहताजी दरवर्षी सांगायचा, "एवढ्या भाड्यात कौलं शाकारायची म्हणजे मालकाने घरातलं विकायचं का?"

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मुंबईत १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवली होती. त्याच कायद्याप्रमाणे घर राहण्याजोगं ठेवण्याची जबाबदारी मालकाची होती. जबाबदारी मालकाची, पण उत्पन्न गोठलेलं. त्यामुळे दुरुस्ती होत नसे आणि पाणी भिंतीत मुरत राही. जुन्या इमारती कोसळू लागल्या तेव्हा सरकारने १९६९ साली इमारत दुरुस्ती मंडळाचा कायदा केला आणि मुंबई शहरातल्या जुन्या इमारतींवर दुरुस्तीसाठी उपकर बसवला. 'सेसची बिल्डिंग' हा शब्द तिथून आला. म्हणजे खर्च कुणी करायचा, या प्रश्नाला आधी 'मालकाने' हे उत्तर होतं, मग 'सर्वांनी मिळून थोडा थोडा' हे उत्तर आलं.

आमच्या चाळीत मात्र त्याआधीच भाडेकऱ्यांनी वर्गणी काढून कौलं बदलून घेतली होती. तळमजल्यावरच्या शिंपीकाकांनी सगळ्यांत आधी पैसे दिले. त्यांच्या डोक्यावर तर तीन मजले होते! वडिलांनी कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तुमची तुळई कुजली तर ती पडणार कुणावर?" हे वाक्य मी लहानपणी ऐकलं आणि पुढे विसरून गेलो.

प्रमाणपत्रावरचा शब्द

सहकारी घरबांधणीची कल्पना आपल्याकडे चांगली शंभर वर्षांहून जुनी आहे. १९०४ च्या पहिल्या सहकार कायद्यात फक्त पतसंस्थांची सोय होती. १९१२ च्या कायद्याने इतर प्रकारच्या संस्थांना वाट मिळाली आणि १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिच्यामागचे गृहस्थ. इमारत संस्थेची, राहणारे संस्थेचे सभासद, असा तो प्रकार. पुढे १९२५ चा मुंबई इलाख्याचा कायदा आला, मग १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम आणि १९६३ चा मोफा, म्हणजे फ्लॅट घेणाऱ्यांसाठीचा कायदा.

आता एक गंमत सांगतो. आपल्या सोसायटीच्या कार्यालयात घड्याळाच्या खाली नोंदणी प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं आहे. येता-जाता आपण ते पाहतो, पण वाचत नाही. त्यात आपल्या संस्थेचं उपवर्गीकरण दिलंय: 'भाडेकरू सहभागीदारी गृहनिर्माण संस्था'. आपण स्वतःला फ्लॅटचे मालक म्हणवतो आणि कागद म्हणतो, तुम्ही भाडेकरूही आहात आणि भागीदारही. भिंतीच्या आतलं घर तुमच्या ताब्यात, पण गच्ची, बाहेरच्या भिंती, टाक्या, जिना, सामाईक पाइप हे सगळ्यांचं मिळून एक.

डोंबिवलीला आलो तेव्हा आपल्यापैकी पुष्कळजण चाळीतून आलो होतो. घर बदललं, सवय बदलली नाही. काही बिघडलं की आपण म्हणायचो, "सोसायटी करेल." जणू सोसायटी म्हणजे नवा चाळमालक आणि सेक्रेटरी म्हणजे त्याचा मेहताजी. सोसायटी म्हणजे आपणच बत्तीस कुटुंबं, हे कळायला आपल्याला बरीच वर्षं लागली.

दोन महिन्यांनी हुकलेली मुदत

मे १९९९ मध्ये आपल्याला ताबा मिळाला. पहिल्याच पावसात 'ब' विंगच्या गच्चीतून पाणी झिरपायला लागलं. बिल्डरच्या ऑफिसात आम्ही चार-पाच जण गेलो, त्यांनी चहा पाजला, माणूस पाठवला, त्याने डांबर फासलं. दुसऱ्या पावसात पुन्हा तेच. तिसऱ्या पावसात चहा मिळाला, माणूस आला नाही.

मोफा कायद्यात तरतूद होती की ताबा दिल्यापासून तीन वर्षांच्या आत बांधकामातला दोष निदर्शनाला आणला, तर बिल्डरने जादा पैसे न घेता तो दुरुस्त करायचा. आपली तीन वर्षं मे २००२ मध्ये संपली. आपलं पहिलं लेखी पत्र फाइलीत आहे, त्यावर तारीख आहे जुलै २००२ ची. तोपर्यंतच्या सगळ्या तक्रारी तोंडी. खजिनदार मी होतो. बँकेत रोज लोकांना सांगायचो की तोंडी सांगितलेल्याला अर्थ नाही, अर्ज द्या. आणि इथे मीच चहा पिऊन परत येत होतो. मुदत उलटलेला चेक जसा काउंटरवरून परत जातो, तसं आपलं पत्र परत आलं.

हल्ली नवीन घर घेणाऱ्या आपल्या मुलाबाळांसाठी हे मुद्दाम लिहितो. २०१६ च्या रेरा कायद्याने ही मुदत पाच वर्षं केली आहे आणि दोष कळवल्यापासून तीस दिवसांत दुरुस्ती करायची आहे, तीही विनामूल्य. पण कळवायचं ते लेखी आणि पोच घेऊन.

गच्ची कुणाच्या डोक्यावर?

बिल्डर हातचा गेला. आता खर्च कुणाचा? सप्टेंबर २००३ च्या वार्षिक सभेत यावर दोन तास चर्चा झाली. वरच्या मजल्यावर आठ सदनिका, खाली चोवीस. तळमजल्यावरचे म्हणाले, गच्ची आमच्या डोक्यावर नाही. मधले म्हणाले, वरच्या मजल्याला हवा-उजेड चांगला मिळतो, त्यांनी थोडं सोसावं. शेवटी मतदान झालं. निकाल काय लागला असेल ते सांगायला नको. ठराव माझ्याच अक्षरात आहे: "वरच्या मजल्यावरील सभासदांनी आपापल्या सदनिकेच्या छताची दुरुस्ती स्वखर्चाने करावी. सोसायटीची जबाबदारी राहणार नाही."

तेव्हा उपविधींची पुस्तिका कपाटात होती. कुणी उघडून बघितली नाही, मीही नाही. आदर्श उपविधींत दुरुस्तीचं कलम आहे आणि ते अगदी सोप्या भाषेत आहे. सोसायटीने स्वतःच्या खर्चाने करायच्या दुरुस्त्यांची त्यात यादीच दिली आहे: अंतर्गत रस्ते, कुंपणाची भिंत, बाहेरच्या पाण्याच्या लाइन, पंप, टाक्या, ड्रेनेज, जिने, गच्ची आणि तिचे कठडे, बाहेरच्या भिंती, पावसाच्या पाण्याची आणि सामाईक पाइपांमुळे होणारी गळती. आणि गच्चीतून पाणी झिरपून वरच्या मजल्यावरच्या छताचा गिलावा खराब झाला, तर तोसुद्धा. बाकीची दुरुस्ती ज्याची त्याने करायची. संडास, बाथरूम, सिंक यांच्यातून होणारी आतली गळती त्या त्या सदनिकाधारकाची.

म्हणजे आपला तो ठराव उपविधींच्या सरळ विरुद्ध होता. चोवीस विरुद्ध आठ अशा बहुमताने सुद्धा उपविधी बदलत नाहीत. मतदानाने पाण्याचा उतार बदलत नाही, तसंच हे.

'ब-३०२' मध्ये तेव्हा एक निवृत्त शिक्षक राहत. आपण सगळे त्यांना सर म्हणायचो. सरांनी २००१, २००२ आणि २००४ अशा तीन वेळा स्वतःच्या पैशाने छताचा गिलावा करून घेतला. तिसऱ्या वेळेचं कारण असं की नातवाच्या अभ्यासाच्या टेबलावर गिलाव्याचा मोठा पापुद्रा पडला. मुलगा नुकताच पाणी प्यायला उठला होता. सरांनी आरडाओरडा केला नाही. पापुद्रा वर्तमानपत्रात गुंडाळून कार्यालयात आणून ठेवला, सोबत एक चिठ्ठी: "माहितीसाठी." ती चिठ्ठी अजून फाइलीत आहे.

२६ जुलै

२६ जुलै २००५ ची आठवण ज्यांना आहे त्यांना मी काय सांगणार. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आपल्याकडेही रात्री तळमजल्यावर गुडघ्याच्या वर पाणी होतं. आठही सदनिकांतली माणसं अंधारात जिन्याने वर आली. कुणी कुणाला बोलावलं नाही, ज्याचं दार उघडं दिसलं तिथे शिरले. 'ब-२' मधल्या आजी, त्यांचा मुलगा, सून आणि दोन नातवंडं चार दिवस सरांकडे होती. ज्या खोलीचं छत गळत होतं, त्याच खोलीत एका कोपऱ्यात बादली आणि दुसऱ्या कोपऱ्यात आजींचं अंथरूण.

पाणी ओसरल्यावर जमिनीखालच्या टाकीत चिखल निघाला. ती साफ करण्याचा, पंप दुरुस्तीचा खर्च सोसायटीने केला आणि त्यावर एकानेही हरकत घेतली नाही. लोकांच्या गाद्या, फ्रिज, धान्य गेलं ते ज्याचं त्याला सोसावं लागलं.

नोव्हेंबरमध्ये गच्चीसाठी विशेष सभा बोलावली. पुन्हा तीच चर्चा सुरू झाली तेव्हा 'ब-२' च्या आजी उठल्या. सभेत त्या कधी बोलत नसत. म्हणाल्या, "आमच्याकडे खालनं पाणी आलं तवा वरच्यांनी दार उघडलं. आता वरनं पाणी यायलंय तर आम्ही दार लावून घ्यायचं व्हय?" पुढे चर्चा झालीच नाही. ठराव एकमताने मंजूर.

२००६ च्या उन्हाळ्यात गच्चीवरचा जुना थर काढून ब्रिकबॅट कोबा नव्याने केला, त्यावर चायना मोझेक. खर्च आला २ लाख २४ हजार. सदनिका जवळपास सारख्याच मापाच्या असल्याने प्रत्येकी ७ हजार. काही घरांना ते एकदम देणं जड गेलं, मी हप्ते बांधून दिले. आता हिशेबनीस म्हणून एक आकडेमोड. दुरुस्ती व देखभाल निधी दरवर्षी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के, असं उपविधी सांगतात. आपल्या सदनिकेचा बांधकाम खर्च ४ लाख धरला तर दुरुस्ती निधीचे वर्षाला ३ हजार, महिन्याला २५०. पहिल्या सहा वर्षांत तो घेतला असता तर ५ लाख ७६ हजार जमले असते आणि कुणाकडे हात पसरावा लागला नसता. पण "मेंटेनन्स कमी ठेवा" या आग्रहापुढे आम्ही तो निधी घेतलाच नव्हता. कमी मेंटेनन्सचं श्रेय आम्ही कमिटीवाल्यांनी घेतलं आणि त्याची किंमत सरांच्या छताने मोजली.

माझा नळ

आता माझी पाळी. मे २००९. पाणीकपातीचे दिवस होते. आम्ही दोघं लेकीकडे नाशिकला निघालो. सकाळी नळाला पाणी नव्हतं. मी बाथरूममधला नळ सोडून बघितला, कोरडा. तो बंद करायचा राहिला. वॉशिंगचं फडकं खाली पडून न्हाणी ट्रॅपवर बसलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी आलं, बाथरूम भरलं, हॉलमध्ये आलं आणि आमच्या 'अ-२०३' मधून खाली 'अ-१०३' मध्ये उतरलं. मावशींच्या मुलीचं लग्न वीस दिवसांवर होतं. लोखंडी कपाटावर आणि पलंगावर बस्त्याच्या साड्या होत्या. त्या भिजल्या, रंग एकमेकांत उतरले. छताला ओल, फॅन जळाला, पलंगाची प्लायवुड फुगली.

त्या वर्षी मी सेक्रेटरी होतो. त्याच्या आदल्याच महिन्यात दोन सभासदांना बाथरूमच्या गळतीबद्दल स्वखर्चाने दुरुस्ती करण्याची नोटीस मी स्वतः पाठवली होती. आणि परत आल्यावर मावशींसमोर उभा राहून मी काय बोललो? "एकदम प्रेशरने पाणी सोडतात, त्याला आम्ही काय करणार? शिवाय हा न्हाणीचा उतारच बिल्डरने चुकीचा दिलाय." मावशी काही बोलल्या नाहीत. त्या साड्या बाल्कनीत वाळत घालत होत्या.

बँकेतला माझा एक मित्र लॉ ऑफिसर होता. मी त्याला फोन करून यातून काही वाट निघते का विचारलं. तो जुन्या केसेसचा शौकीन. त्याने मला दोन गोष्टी सांगितल्या. इंग्लंडमध्ये १८६८ साली रायलँड्स विरुद्ध फ्लेचर हा निकाल लागला. एका गिरणीवाल्याने बांधलेल्या तलावाचं पाणी शेजारच्याच्या खाणीत शिरलं. निकाल असा की धोक्याची वस्तू स्वतःच्या जागेत साठवणाऱ्याने ती बाहेर पडून झालेलं नुकसान भरून द्यायचं. दुसरी केस ऑस्ट्रेलियातली, रिकर्ड्स विरुद्ध लोथियन. १९१३ साली ती लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेली. वरच्या मजल्यावरच्या बेसिनचा नळ कुणीतरी पूर्ण सोडला, खालचं भोक बुजवलं आणि खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूचा माल भिजला. तिथे इमारतीच्या मालकाला जबाबदार धरलं नाही, कारण घरात नळ असणं ही नेहमीची गोष्ट आहे आणि तो सोडला होता कुणा तिऱ्हाइताने, मुद्दाम. मी उत्साहाने म्हटलं, "मग झालं तर!" मित्र म्हणाला, "अरे, तिथे नळ सोडणारा सापडला नव्हता. इथे तो मला फोन करतोय."

विम्याचंही बघितलं. टाकी किंवा पाइप फुटून, पाणी ओसंडून झालेलं नुकसान घराच्या विम्यात बसू शकतं. हळूहळू झिरपून झालेलं सहसा बसत नाही. माझा विमा होता तो गृहकर्जाबरोबरचा. कर्ज फिटलं आणि नंतर त्याचं नूतनीकरण मी केलंच नव्हतं. आयुष्यभर ग्राहकांना विमा घ्यायला लावणाऱ्याची ही गोष्ट.

शेवटी निकाल घरातच लागला. आमच्या सौ. म्हणाल्या, "इतिवृत्तात काय लिहायचं ते लिहा, पण नळ आपला होता." दुसऱ्या दिवशी त्या मावशींना घेऊन दादरला गेल्या आणि बस्ता पुन्हा घेतला. छत, रंग, फॅन, पलंग यांचा खर्च मी दिला. पैसे दिल्याचं दुःख झालं नाही. मधल्या अकरा दिवसांचं झालं. लग्नघरात त्या माऊलीने ते दिवस कसे काढले असतील? मावशींनी आम्हाला लग्नात मानाने बोलावलं, अक्षता टाकायला पुढे उभं केलं. माझी मान वर होत नव्हती.

आपली पद्धत

२०१० च्या वार्षिक सभेत आपण गळतीसाठी एक पद्धत ठरवली. ती अजून चालू आहे, नव्या सभासदांसाठी इथे देतो.

तक्रार लेखी द्यायची. सात दिवसांत सेक्रेटरी, वरचे आणि खालचे अशा तिघांनी एकत्र पाहणी करायची. उगम नक्की कळत नसेल तर प्लंबर बोलावून तपासणीचा खर्च आधी सोसायटीने करायचा, दोष सापडला की तो ज्याचा असेल त्याच्याकडून वसूल करायचा. ही शेवटची ओळ महत्त्वाची आहे. पूर्वी तपासणीचे पाचशे रुपये कुणी द्यायचे या वादात महिनेच्या महिने जायचे आणि तेवढ्यात स्लॅबमधली सळई गंजायची. गंजलेली सळई फुगते, काँक्रीटला तडे देते आणि दोन हजारांचं काम पन्नास हजारांवर जातं.

उगम ओळखायच्या साध्या खुणा आपल्या जुन्या प्लंबरने शिकवल्या. ओल फक्त पावसाळ्यात दिसत असेल तर गच्ची किंवा बाहेरची भिंत बघा. बारा महिने, चोवीस तास ठिबकत असेल तर पाण्याची लाइन. आंघोळी आटोपल्यावर वाढत असेल तर सांडपाण्याचा पाइप किंवा न्हाणीचा जोड. ट्रॅपमध्ये रंगाचं पाणी ओतलं की खाली कुठे उतरतं ते कळतं. आणि डाग जिथे दिसतो तिथेच वर दोष असतो असं नाही. बाथरूमचा स्लॅब खाली घेऊन त्यात पाइप आणि विटांचे तुकडे भरलेले असतात. पाणी त्यात साठतं आणि वाट मिळेल तिथून निघतं.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती नूतनीकरणानंतर. जुनी फरशी फोडताना खालचा वॉटरप्रूफिंगचा थर फुटतो आणि सहा महिन्यांनी खालच्या घरात ओल येते. म्हणून बाथरूमचं काम काढण्याआधी सोसायटीला कळवा, खालच्या घराचे फोटो काढून ठेवा आणि फरशी बसवण्याआधी दोन दिवस पाणी भरून ठेवून बघा. एवढं करून वाद मिटलाच नाही तर सहकारी न्यायालय आहे. दुरुस्ती आणि गळतीचे वाद १९६० च्या अधिनियमाच्या कलम ९१ खाली तिथेच जातात. पण आपल्या सोसायटीतून पंधरा वर्षांत एकही प्रकरण तिथे गेलेलं नाही, हे मी आनंदाने नोंदवतो.

एक उलट नोंद

इमारत आता सव्वीस वर्षांची झाली. पंधरा ते तीस वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी करायचं आणि तिशीनंतर दर तीन वर्षांनी, असा उपविधींचा नियम आहे. आपलं पुढचं ऑडिट दाराशी आलं आहे. बाहेरच्या भिंतींना, सामाईक पाइपांना मोठा खर्च निघेल. पुन्हा कुणीतरी म्हणेल, त्या बाजूला माझी खिडकी नाही. तेव्हा कृपया फाइल क्रमांक ७ मधली ती चिठ्ठी काढून वाचा: "माहितीसाठी."

सर आता पुण्याला मुलाकडे असतात. नव्वदीच्या जवळ आले आहेत. फोनवर बोलताना अजून विचारतात, "गच्ची कशी आहे?" त्यांच्या तीन वेळच्या गिलाव्याचा खर्च सोसायटीने द्यायचा होता, तो दिला नाही. २००६ मध्ये गच्ची झाली तेव्हा मी त्यांना म्हटलं होतं, "सर, जुनं जाऊ द्या." ते "बरं" म्हणाले. त्यांनी सोडलं म्हणून आपलं देणं संपलं, असं मी तेव्हा समजलो.

बँकेत एक शिस्त होती. वहीत चुकीची नोंद झाली तर ती खोडायची नाही, खाडाखोड चालत नाही. उलट नोंद करायची आणि खाली सही करायची. सप्टेंबर २००३ चा तो ठराव माझ्या अक्षरात आहे. तो चुकीचा होता असा नवा ठराव येत्या वार्षिक सभेत व्हावा आणि सरांचा खर्च त्यांना पत्रासह पाठवावा, असा लेखी अर्ज मी कमिटीला दिला आहे, पोच घेतली आहे. सरांकडे पावत्या नसतील. आकडा त्यांनी सांगावा आणि आपण मानावा. माझा स्वतःचा वाटा मी अर्जासोबतच जमा केला आहे.

रौप्यमहोत्सवी वर्षाच्या सर्वांना मनःपूर्वक शुभेच्छा. आणि गावाला जाताना एकदा नळ बघून जा.